सुपारीचा पाय

“पाय थंड, पाय थंड... एक दिवस माझेच पाय थंड पडायचे, मग बसा सगळे बोंबलत.”

धोंडू जमादार हे कुणाला ऐकवत नव्हता. दाराबाहेरच्या पायपुसण्यावर बसून तो बुटाची नाडी सोडत होता आणि नाडी काही केल्या सुटत नव्हती. पण जाळीच्या दाराच्या अलीकडे, हाताच्या अंतरावर, शुभा ताटात तांदूळ निवडत बसली होती आणि तिचे कान अजून शाबूत होते. तिने एक खडा उचलून बाजूला टाकला आणि मुद्दाम खाकरली.

“आं? वैनीनू, तुमी हय बसलात?” धोंडू दचकला. “मी आपला नाडीशी बोलत होतो.”

“काय म्हणते नाडी?”

“म्हणता, मरासर सोडूचंय नाय.”

शुभा हसली आणि तिने दार उघडलं. धोंडू महिनाभर रोज याच वेळेला येत होता. यारी रोडवरच्या त्या बिल्डिंगीत एव्हाना सगळे त्याला ओळखत होते, कारण तो जिना चढला की घोड्याचा वासही त्याच्याबरोबर तीन मजले चढायचा. पहिल्या मजल्यावरची प्रेमा तर त्याची वाटच बघत असायची. “काय धोंडूकाका, रविवारी काय?” म्हणजे रविवारी कुठला घोडा येणार. धोंडू न थांबता म्हणायचा, “रविवारी मटण.”

शुभाचा नवरा शिवदास सावंत शर्यतीच्या घोड्यांचा ट्रेनर होता. ट्रेनर म्हणजे पैसे लावणारा नव्हे, हे बिल्डिंगीतल्या बायकांना समजावता समजावता शुभाचे केस पिकायला लागले होते. ट्रेनर म्हणजे घोड्यांचा हेडमास्तर, ती सांगायची. मालक घोडा विकत घेतो, जॉकी त्याच्यावर बसतो, आणि मधलं सगळं, म्हणजे चंदी, पाणी, पळवणं, थांबवणं, दुखणीखुपणी, ते ट्रेनरचं. पोरगं पास झालं तर पोरगं हुशार, नापास झालं तर मास्तर गाढव. एवढं ऐकून घेऊन बायका म्हणायच्या, “हो का? पण रविवारी काय?”

शिवदासचा बाप महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सईस होता. घोड्यांना खरारा करणारा, त्यांच्या शेजारीच पथारी टाकून झोपणारा. शिवदास त्या सईसांच्या खोल्यांतच जन्मला. चालायला लागला तो घोड्याचं शेपूट धरून, असं धोंडू सांगायचा, आणि त्याने ते बघितलेलं होतं. तो शिवदासपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, एकाच गावचा, खोल्यांच्या एकाच ओळीतला, आणि आता सगळ्या सईसांचा जमादार, म्हणजे मुकादम. पुढे शिवदास सकाळच्या वेळी घोडे पळवायला लागला, मग जॉकी झाला, मग अंगाला मांस धरायला लागल्यावर जॉकीपण सुटलं आणि दुसऱ्या ट्रेनरच्या हाताखाली वर्षानुवर्षं ‘हो साहेब’ करत राहिला. सईसाच्या पोराला ट्रेनरचं लायसन्स मिळालं तेव्हा लोकांना वाटलं, काही तरी चूक झाली असणार. धोंडूने खोल्याखोल्यांतून पेढे वाटले आणि त्या दिवसापासून ‘शिवा’ म्हणायचं सोडून ‘साहेब’ म्हणायला लागला. शिवदासने खूप सांगून बघितलं. धोंडू ऐकला नाही.

घोडा पळतो चार पायांवर, पण ट्रेनर जगतो तीन बोटांवर. हे धोंडूनेच लहानग्या शिवाला शिकवलं होतं. रोज संध्याकाळी प्रत्येक घोड्याच्या ठाणात जायचं, त्याच्या पुढच्या पायाशी उकिडवं बसायचं, आणि गुडघ्याखालून मागच्या बाजूने जी शीर जाते तिच्यावरून तीन बोटं हलकेच खाली आणायची. शीर थंड असली तर सगळं ठीक. कुठे जराशी ऊब लागली, बाळाच्या कपाळाला कणकण लागते तेवढी, तर घोड्याला उद्या पळवायचं नाही. पळवला तर बाहेरून काही दिसत नाही, घोडा बिचारा जीव तोडून पळतो, आणि भर वेगात ती शीर तुटते. मग घोडा खाली, वरचा माणूस त्याच्याखाली. मग मैदानात हिरवा पडदा धरतात, घोड्याला तिथेच संपवतात ते लोकांना दिसू नये म्हणून. शुभाने तो पडदा लग्नानंतर एकदाच बघितला होता. नंतर ती रेसकोर्सवर गेली नाही.

शिवदासच्या तीन बोटांचं नाव होतं. दुसऱ्या ट्रेनरांचे मालकसुद्धा हळूच येऊन “जरा बघता का, सावंत?” म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो असाच एका काळ्या घोड्याच्या पायाशी बसला होता. बाहेर कुणाच्या तरी हातून पत्र्याचा डबा पडला. घोडा बिचकून वळला आणि शिवदास भिंत आणि घोडा यांच्या मधल्या कोपऱ्यात सापडला. घोड्याने लाथ मारली नाही की चावा घेतला नाही. तो फक्त टेकला. भेदरलेलं जनावर भिंतीला रेलतं तसा रेलून उभा राहिला, आणि मध्ये शिवदास होता. माणसं धावून येईपर्यंत त्याला ओरडतासुद्धा आलं नाही, कारण ओरडायला छातीत हवा लागते.

बरगड्या मोडल्या, खांदा निखळला. हॉस्पिटलात शुभा त्याच्या खाटेशी बसली आणि कुठलीही बायको जे म्हणेल ते म्हणाली. “परत कुठल्या घोड्याच्या पायाशी बसाल तर माझी शपथ आहे.”

यात विशेष काही नव्हतं. शिवदासने तिच्या शपथा आजवर इतक्या मोडल्या होत्या, की शपथेत खरंच दम असता तर ती केव्हाच वर गेली असती. तंबाखूची शपथ चार दिवसांत मोडली. स्वतः शिंगरावर बसणार नाही ही शपथ संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकली नाही. तिच्या भावाच्या लग्नाला मुहूर्ताआधी येईन ही शपथ तर सगळ्या वऱ्हाडादेखत मोडली. नवरदेवाला हळद, आणि याच्या पायाला लीद. तेव्हा ही शपथही जेमतेम प्लॅस्टर निघेपर्यंतची, असं तिने धरलं होतं.

ही त्याने पाळली.

पहिल्या महिन्यात तिला बरं वाटलं. दुसऱ्या महिन्यात नवल वाटलं. मग एकदा तो जेवायला बसला असताना तिला जाणवलं, की त्याच्या हाताला साबणाचा वास येतोय. नुसता साबणाचा. लग्न झालं तेव्हा त्या हातांचा वास, घाम, चंदी आणि घोड्याला चोळायचं ते झोंबरं तेल, हे सगळं तिला सोसवायचं नाही. कूस बदलून झोपायची. आता तो वास नव्हता, म्हणजे हे हात कुठल्याच घोड्याला लागत नव्हते. त्या दिवशी तिला कळलं, आणि कळलं ते तिने लगेच गिळलं.

बाकीच्यांनीही गिळलं. कुणी ठरवलं नाही, बैठक घेतली नाही. ठाणाच्या अर्ध्या दाराबाहेर साहेबांसाठी एक स्टूल आलं. साहेब स्टुलावर बसायचे, धोंडू आत जाऊन पाय चाचपायचा आणि सांगायचा, थंड, थंड, जरा कोमट. साहेब त्यावरून ठरवायचे. सकाळी दुर्बीण घेऊन कठड्याशी उभे राहायचे, आणि घोडा कठड्याजवळून चालवत आणला तर त्यांना नेमकं त्याच वेळी घड्याळ बघायचं असायचं. कुणी नवख्याने विचारलंच, तर जुने सईस म्हणायचे, “वैनींची शपथ आहे.” आणि सगळे मान हलवायचे. काय करणार, बायकांचं असंच असतं. अख्ख्या महालक्ष्मीत शुभा सावंत म्हणजे नवऱ्याला मुठीत ठेवणारी बाई, अशी कीर्ती पसरली. तिने ती कीर्ती पदरात घेतली. शपथ तिने घातली होती, ‘सुटली’ म्हणून ती केव्हाही सोडवू शकली असती. पण ‘सुटली’ म्हटल्यावर काय दिसेल ते तिला माहीत होतं, म्हणून ती म्हणत नव्हती. शिवदास तिच्या शपथेआड उभा होता आणि ती दारासारखी तिथे रोवली गेली होती. दाराला काही हलायची सोय नसते.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. मध्येच ही सुपारी आली.

कागदावर तिचं नाव ‘सुपीरियर लेडी’. मालक नंदकिशोरशेठ, त्यांचा मालाडला प्लॅस्टिकच्या बादल्यांचा कारखाना, बादलीचं नाव ‘सुपीरियर’, तेच घोडीला दिलं. सईसांच्या जिभेला ते पेलेना, तेव्हा ती सुपारी झाली. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, आणि स्वभावाने इतकी गरीब की मांजर तिच्या पाठीवर झोपायचं. पळायला लागली की मात्र मागे बघायची नाही. शिवदासच्या हाती इतकी चांगली घोडी आजवर आली नव्हती. जानेवारीत तिचा पुढचा डावा पाय दुखावला. डॉक्टरांनी बघून सांगितलं, फार नाही, पण रोज दोन वेळा हात पाहिजे पायावर. ऊब लागली की तिथेच थांबा. दुखऱ्या शिरेला समुद्राच्या पाण्यासारखं औषध नाही, म्हणून शिवदासने तिला घराजवळ आणली. सात बंगल्यांच्या मागे म्हशींचा एक तबेला होता, त्यात एक कोपरा साफ करून घेतला. धोंडू तिथेच राहायला आला. सकाळी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर सुपारी गुडघाभर पाण्यात उभी राहायची, आणि पुढे पुढे ओल्या वाळूवरून थोडं पळायलाही लागली. तिच्यावर बसायला खंडू यायचा, धोंडूचा मुलगा. जॉकी होता, हात चांगला होता, पण नशिबाला बरा घोडा कधी आला नव्हता. सीझनच्या शेवटच्या कपात सुपारीवर बसायला मिळालं तर त्याचं नाव होणार होतं. उद्या शुक्रवारी नंदकिशोरशेठ घोडीला बघायला येणार होते. पाय चांगला असेल तर घोड्यांची गाडी येऊन तिला लगेच महालक्ष्मीला नेणार होती.

तेव्हा आजचा ‘थंड’ हा काही रोजचा ‘थंड’ नव्हता.

शिवदास हॉलमध्ये वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसला होता. धोंडू समोर जमिनीवर बसला. शुभाने उकळता चहा स्टीलच्या पेल्यात ओतला, पदराने धरून आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. पेल्याने तिची बोटं पदरातूनही पोळली होती.

“बोल,” शिवदास म्हणाला.

“चंदी संपवली. पाणी प्याली. लीद चांगली.” धोंडूने पेला उचलला. “पुढचा उजवा थंड.”

“डावा?”

“थंड.”

“गुडघ्याखाली?”

“थंड.”

“अजून खाली, खुराच्या वर? तिथेच होतं तिचं.”

“थंड, साहेब. बर्फ.”

शुभा तिथेच उभी होती. ती धोंडूच्या तोंडाकडे बघत नव्हती, पेल्याकडे बघत होती. धोंडूने तो अख्खा पंजात धरला होता, काठाला नाही, बुडाला नाही, पोटाला, जसा थंड पाण्याचा तांब्या धरावा तसा. चहा हलत होता, वाफ वर येत होती. धोंडू त्या हाताने पेला धरून निवांत बोलत होता.

शुभाला आधी बुटाची नाडी आठवली. मग बाकीचं.

तो निघाला तेव्हा ती त्याच्या मागोमाग जिन्यात आली आणि दार ओढून घेतलं.

“हात दाखव.”

“काय झाला, वैनीनू?”

“हात दाखव म्हणते ना.”

त्याने दाखवला. तळवा लालबुंद झाला होता, एका बोटाच्या पेराला पांढरा फोड धरू लागला होता. धोंडूने तो हात असा बघितला जसा दुसऱ्याच कुणाचा असावा.

“कधीपासून?”

“दिवाळीपासना.” मग हळूच, “डागतर म्हणालो, साखर आसा. आधी बोटां, मगे पंजो. कायएक कळना नाय हाताक.”

“म्हणजे सुपारीचा पाय...”

“थंडच लागता,” धोंडू म्हणाला. “सगळ्यांचेच थंड लागतत, वैनीनू. तिचो, म्हशीचो, माझो स्वतःचो.”

खाली प्रेमाचं दार किलकिलं झालं. धोंडूने हात पाठीमागे घेतला. दार परत लागलं.

“सांगायचं नाही का?” शुभाचा आवाज चिरकला. “उद्या तुझाच पोरगा तिच्यावर बसणार ना रे?”

“कोणाक सांगू? साहेबाक? माझो हात गेलो म्हटल्यावर साहेबाक स्वतः बसाक लागतला. आणि साहेबान...” तो थांबला. जिन्याच्या कठड्याला हात लावून उभा राहिला, पण कठडा तरी त्याला लागत होता का, देव जाणे. “तुमची शपथ आसा ना त्येंका,” तो म्हणाला, आणि शुभाकडे न बघता खाली उतरला.

जेवताना तिने प्रयत्न केला. सोलकढी वाढली आणि म्हणाली, “उद्या जरा तुम्हीच हात लावून बघा ना सुपारीला.”

“धोंडू आहे की.”

“धोंडू म्हातारा झाला.”

“धोंडूचा हात म्हणजे माझा हात.” शिवदासने वाटी तोंडाला लावली. मग तिच्याकडे बघून हसला, अगदी मायेने. “आणि तुझी शपथ आहे ना?”

झालं. शुभाला त्याचा राग येत होता आणि राग येतोय म्हणून स्वतःचाही येत होता. या माणसाने आयुष्यभर बापाचं नाव, गावाचं नाव, त्या खोल्यांचं नाव डोक्यावर घेऊन चालवलं होतं. सईसाच्या पोराला घोड्याची भीती वाटते, हे वाक्य बाहेर पडलं तर त्याचं काय उरणार होतं? त्याचंच नव्हे, त्याच्या जिवावर जगणाऱ्या दहा-बारा सईसांचं, धोंडूचं? तिने भात कालवला. परत कालवला.

सकाळी तो निघाला तेव्हा ती चपला घालून दारात उभी होती.

“तू कुठे?”

“येते तुमच्याबरोबर. घोडी बघायला.”

“तू?” शिवदास म्हणाला. मग त्याने दार ओढून कुलूप लावलं.

किनाऱ्यावर ओहोटी होती. बांबूंच्या मांडवांवर बोंबील टांगलेले, आणि त्यांच्या रांगांमधून वाट काढत सुपारी पाण्याकडून वर येत होती. खंडू पाठीवर, धोंडू लगामाला. मांडवापाशी बसलेली चंपा कोळीण तिला रोज बघायची. शुभाला बघून म्हणाली, “अगो, आज बाई पण आयली? मग आज काय तरी हाय.”

“कशी चालते गं घोडी?” शुभाने विचारलं. उगीच, काही तरी विचारायचं म्हणून.

चंपाने बोंबील उलटा केला. “चालते बरी. पळून आली की येक पाय जरा जपून टाकते. मी आपली सांगते. मला मासळी कळते, घोरी नाय.”

खंडूने ते ऐकलं. तो खाली उतरला, जीन सोडायला लागला. “वाळू आहे, काकी,” तो हसत म्हणाला. “वाळूवर सगळेच जपून पाय टाकतात.” पण तो शुभाकडे बघत नव्हता, आणि धोंडू त्याच्याकडे बघत नव्हता, आणि शिवदास लांब उभा राहून समुद्राकडे बघत होता. शुभाच्या मनात आलं, एवढ्या मोकळ्या किनाऱ्यावर चार माणसं उभी आहेत आणि एकालाही हलायला जागा नाही.

तबेल्यात परतले तोवर नंदकिशोरशेठ आलेच होते. अंगाने गोल, मनाने साधा माणूस. हातात एक नवी निळी बादली. “घोडीसाठी. नवीन मॉडेल आहे,” ते म्हणाले. “हँडल तुटणार नाही, गॅरंटी.” बाहेर घोड्यांची गाडी लागलीच होती, ड्रायव्हर मागची फळी खाली पाडून बिडी ओढत होता. म्हशी रवंथ करत होत्या. धोंडूने सुपारीला तिच्या कोपऱ्यात नेऊन बांधलं. तिन्ही बाजूंनी भिंत, पुढे बांबूचा आडणा. आडण्याबाहेर स्टूल होतंच. तेही महालक्ष्मीहून आणलं होतं.

“मग, धोंडू?” शेठनी विचारलं.

“थंड, शेठ. बर्फ.” धोंडूने उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला होता.

“एक नंबर!” शेठ म्हणाले. “खंडू, कप आणणार ना?”

“आणणार, शेठ.”

“सावंतसाहेब, मग एकदा तुमचा हात लागू दे. बस. माझ्या मनाचं समाधान. धोंडू चांगला आहे, पण लोक तुमच्या हाताचं सांगतात.”

मग खंडू पटकन म्हणाला, “साहेब पायाशी बसत नाहीत, शेठ. काकींची शपथ आहे.”

“अरे हो, हो! ऐकलंय मी.” शेठ शुभाकडे वळून हात जोडत हसले. “काय वहिनी, आज स्वतः आलाच आहात. एका दिवसासाठी सोडा की शपथ. बिचारी गरीब घोडी आहे.”

शुभाने नवऱ्याकडे बघितलं. शिवदासचा चेहरा हसरा होता. डोळे मात्र हॉस्पिटलातल्या पहिल्या रात्रीसारखे होते, भिंतीला खिळलेले. नको, असं ते म्हणत होते. धोंडूचेही तेच म्हणत होते. सगळी शहाणी, मोठी माणसं तिच्याकडे अशी बघत होती, जशी ती दार आहे आणि दाराने बंदच राहावं. ती मान हलवून लाजल्यासारखं हसली असती तर पुरलं असतं. शेठ म्हणाले असते, बायकांचं असंच असतं. घोडी गाडीत चढली असती.

तिची नजर खंडूवर गेली. तो जीन खांद्यावर टाकून उभा होता. धोंडूचीच भुवई, धोंडूचेच कान. गाडीत घोडीबरोबर तोही चढणार होता.

“सुटली,” शुभा म्हणाली.

“क्या बात है!” शेठनी टाळी वाजवली.

शिवदास तसाच उभा राहिला. मग त्याने सावकाश शर्टाच्या बाह्या दुमडल्या, पूर्वी दुमडायचा तशा, कोपरापर्यंत. आडण्याचा बांबू धोंडूने काढला, डाव्या हाताने. शिवदास आत एक पाऊल गेला. अजून एक. सुपारीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, कान पुढे केले, आणि त्याच्या हाताचा वास घेतला. त्या हाताला साबणाचा वास येत होता, तिच्या ओळखीचं त्यात काही नव्हतं. ती आपली जरा सरकली, माणसाला जागा करून द्यावी तशी, भिंतीकडे.

शिवदासचे गुडघे वाकायला लागले आणि वाकता वाकता थांबले. हात तिच्या खांद्यापाशी हवेत राहिला. त्याच्या मानेवरून घाम शर्टात उतरताना शुभाला दिसला. गरीब घोडी, ढिम्म उभी. मागे एक म्हैस हंबरली आणि शिवदासचं सगळं अंग उडालं.

तो मागे मागे आला, पाठ न वळवता, आणि आडण्याच्या बाहेर आल्यावर स्टुलाला अडखळून तिथेच बसला.

अजूनही जमलं असतं. शेठना आतलं नीट दिसलं नव्हतं. धोंडू मुद्दाम मध्ये उभा राहिला होता. “काय साहेब?” ते खुशीत म्हणाले. “थंड ना?”

धोंडूने डोळे मिटले. खंडूने जीन एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. एक शब्द हवा होता, रोजचाच. शुभाने पदराचं टोक मुठीत आवळलं. आता हाही शब्द आपणच बोलायचा की काय, असं तिला वाटलं, आणि तिने तोंड उघडलंही. पण शिवदासने हात वर केला. तिला थांब म्हणून.

“गाडी परत पाठवा, शेठ.”

“का? गरम आहे?”

“माहीत नाही.” त्याने त्या हाताकडे बघितलं आणि तो मांडीवर ठेवला. “धोंडूलाही माहीत नाही. पेला धरतो कसा, ते मीही बघतो रोज. बघून गप्प बसतो. डॉक्टरांनंतर हा पाय आजपर्यंत कुणीच बघितलेला नाही.”

“शिवा,” धोंडू म्हणाला. इतक्या वर्षांनी.

“थांब रे. बोलू दे.” शिवदास शेठकडे बघत नव्हता, शुभाकडे बघत होता. “आणि शपथेचं काही नाही. हिच्या शपथा मी कधी पाळल्यात? मला भीती वाटते, शुभा. घोड्यांची.”